व्हर्च्युअलबॉक्सची व्हीएम परत परत अडायली? आधी बघा व्हीटी बंद आहे का कुणीतरी धरून ठेवलंय

नांदेड, लातूर, परभणीकडच्या पोरांचे या एकाच गोष्टीसाठी सारखे फोन येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवायलोय. पीसीवर उबंटू नाहीतर मिंट हे लिनक्स टाकलेलं, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात कॉलेजच्या प्रॅक्टिकलची व्हीएम, म्हणजे तो आतला पीसी, महिनोन्महिने सगळं नीट चालू असतं आणि एक दिवस अपडेट मारून रिबूट केलं की व्हीएम स्टार्टच होईना. मग कुणी व्हर्च्युअलबॉक्स काढून परत टाकतं, कुणी व्हीएमच डिलीट करून बसतं आणि सेमिस्टरभराचं काम जातं, कुणी दुकानात पीसी नेतं आणि तिथं त्याला सांगतात की प्रोसेसर जुना झाला. यातलं काहीच करायची गरज नाही, खरंच. फक्त एरर पूर्ण वाचायची आणि व्हीटीचं काय झालंय ते बघायचं. व्हीटी म्हणजे व्हीएम चालवायला प्रोसेसरमधीच दिलेली सोय, ती बायोसमधून, म्हणजे पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून, चालू-बंद होते.

परवा मुखेडच्या एका पोराचा फोन आला.

"सर, बायोसमधी जाऊन बगितलं, व्हीटी चालूच हाय. तरी म्हणायलंय रूट मोड."

"बाळा, चालू आहे म्हणूनच म्हणायलंय."

सगळा घोळ इथंच होतो. व्हीटीबद्दल दोन अगदी उलट्या तक्रारी येतात आणि लोक दोन्हीला एकच औषध देतात. पहिली तक्रार, व्हीटी बंद आहे. त्यात व्हर्च्युअलबॉक्स म्हणतं की व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस, आणि कंसात कोड असतो व्हीईआरआर_व्हीएमएक्स_एमएसआर_ऑल_व्हीएमएक्स_डिसेबल्ड. एएमडीचा प्रोसेसर असला तर व्हीईआरआर_एसव्हीएम_डिसेबल्ड. दुसरी तक्रार, व्हीटी चालू आहे पण दुसऱ्याच्या ताब्यात आहे. त्याचा कोड व्हीईआरआर_व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड, आणि एएमडीवर व्हीईआरआर_एसव्हीएम_इन_यूज. पहिल्या तक्रारीला बायोसमधी जावं लागतं. दुसरीला बायोसमधी जाऊन काहीच उपयोग नाही, उलट तिथं काहीतरी भलतंच बदलून ठेवलं तर दोन प्रॉब्लेम होतात. म्हणून फोटो काढताना त्या डब्यातलं डिटेल्स बटण दाबून कोडसकट काढा, नुसतं "फेल्ड टू ओपन अ सेशन" दिसणारा फोटो पाठवला तर त्यातून काहीच कळत नाही, ती ओळ सगळ्याच एररला वर येते.

अलीकडं जे फोन यायलेत त्यातले बहुतेक दुसऱ्या तक्रारीचे आहेत, म्हणून आधी तेच घेतो.

हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन म्हणजे इंटेलचं व्हीटी-एक्स, २००५ ला आलेलं, आणि एएमडीचं एएमडी-व्ही, २००६ ला आलेलं, ज्याला बायोसमधी एसव्हीएम म्हणतात. लिनक्स कर्नलमधी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यामधी, हे वापरणारा जो भाग आहे तो केव्हीएम, फेब्रुवारी २००७ मधी २.६.२० कर्नलसोबत तो आत आला. आता इंटेलमधी होतं काय, तर व्हीएमएक्सऑन नावाची एक इन्स्ट्रक्शन असते, ती प्रोसेसरच्या ज्या कोरला दिली तो कोर व्हीएमएक्स रूट मोडमधी जातो. प्रत्येक कोरला वेगळी द्यावी लागते, त्याच्या आधी सीआर४ रजिस्टरमधला, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सेटिंगच्या एका जागेतला, १३ नंबरचा बिट चालू करावा लागतो, आणि एकदा कोर त्या मोडमधी गेला की दुसऱ्या कुणी परत व्हीएमएक्सऑन दिलं तर ते फेल होतं. तो बिट पण तसा मधूनच काढता येत नाही, आधी व्हीएमएक्सऑफ द्यावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम चालू करायच्या आधी हाच बिट तपासतं, तो आधीच चालू दिसला की समजतं की दुसरा कुणीतरी बसलेला आहे आणि रूट मोडची एरर देऊन मागं फिरतं. एएमडीमधी हीच गोष्ट ईएफईआर रजिस्टरमधल्या १२ नंबरच्या बिटावर चालते.

दोन भावांची एक विहीर असते आणि मोटर एकाच्याच पाळीत चालते, तसंच हे आहे, प्रोसेसरचं व्हीटी एका वेळी एकाच हायपरव्हायजरचं, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या एकाच सॉफ्टवेअरचं. पूर्वी केव्हीएम आपली पाळी आली की मोटर लावायचं आणि काम झालं की बंद करायचं. आता ते पहाटेच मोटर लावून बसतं, पाणी लागो ना लागो.

हा "आता" म्हणजे कर्नल ६.१२, नोव्हेंबर २०२४ मधी आलेला. त्याच्या आधी केव्हीएमचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडता-काढता येणारा तुकडा, नुसतं लोड झालेलं असलं तरी ते व्हीटीला हात लावत नव्हतं. पहिली व्हीएम तयार झाली की सगळ्या कोरवर व्हीएमएक्सऑन, शेवटची व्हीएम बंद झाली की व्हीएमएक्सऑफ, असा हिशोब कर्नल एका काउंटरवर ठेवायचा. म्हणून इतकी वर्षं केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स एकाच मशीनवर सुखानं राहिले, एका वेळी एकच वापरला तर कुणालाच काही अडचण नव्हती. ६.१२ पासून डीफॉल्ट बदललं, मॉड्यूल लोड होतानाच सगळ्या कोरवर व्हीटी चालू होतं आणि मॉड्यूल काढेपर्यंत तसंच राहतं. हा बदल केव्हीएमच्या एक्स८६ भागाच्या मेंटेनरांपैकी एक, शॉन क्रिस्टोफरसन यांनी केलेला आहे आणि त्याला कारणं पक्की आहेत. पहिली व्हीएम चालू करताना एकेका कोरवर पाळीपाळीनं व्हीटी चालू करावं लागायचं, मोठ्या सर्वरवर कोर खूप असले की त्यात वेळ जायचा. दुसरं म्हणजे इंटेलचं टीडीएक्स, ज्यात व्हीएमची मेमरी होस्टपासून सुद्धा लपवलेली असते, त्याच्या मॉड्यूलशी बोलायचं तर कोर आधीच व्हीएमएक्स रूट मोडमधी असावा लागतो. म्हणजे कर्नलवाल्यांनी काही बिघडवलं असं नाही. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधी स्वच्छ लिहिलंय की याची किंमत म्हणून कर्नलच्या बाहेरच्या हायपरव्हायजरला अडचण येऊ शकते, आणि जुनी पद्धत परत हवी असेल त्यांच्यासाठी एक स्विच पण दिलाय. त्या स्विचवर येतोच.

मग आपल्याकडं हे २०२४ ला न दिसता नंतर का दिसायला लागलं? कारण आपली पोरं जास्त करून उबंटू २४.०४ वापरतात. ते एप्रिल २०२४ ला ६.८ कर्नल घेऊन आलं. पुढं ऑगस्ट २०२५ मधी २४.०४.३ सोबत डेस्कटॉपवाल्यांना अपडेटमधूनच ६.१४ कर्नल मिळाला, म्हणजे ६.८ नाहीतर ६.११ वरनं एकदम ६.१२ च्या पलीकडं उडी. मिंट २२.२ मधी पण ६.१४ आहे. डेबियन १३ तर ६.१२ वरच उभं आहे. पोराला वाटतं मी तर काहीच केलं नाही, फक्त अपडेट मारलं, आणि ते खरंच आहे, त्याची काही चूक नाही. त्या अपडेटमधी कर्नल बदलला आणि कर्नलसोबत डीफॉल्ट बदललं.

तर तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का हे बघायला फार काही लागत नाही. खाली कमांड मी मराठी अक्षरात लिहायलोय, टाईप करताना इंग्रजी अक्षरं वापरा आणि अंडरस्कोर सोडू नका. आधी युनेम -आर मारा, कर्नलचा नंबर ६.१२ किंवा पुढचा आला पाहिजे. मग एलएसमॉड मारून त्यात केव्हीएम शोधा. इंटेलवर केव्हीएम_इंटेल आणि केव्हीएम अशी दोन नावं दिसतील, एएमडीवर केव्हीएम_एएमडी आणि केव्हीएम. समोर वापराचा आकडा असतो, केव्हीएम_इंटेलपुढं ० दिसलं की लोक म्हणतात कुणीच वापरत नाही मग अडचण कशाची, पण तो जुन्या दिवसांचा हिशोब झाला. नव्या कर्नलमधी ० असलं तरी व्हीटी धरलेलंच असतं. यानंतर सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल मारा, एएमडी असेल तर शेवटी केव्हीएम_एएमडी. काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत आला म्हणजे मॉड्यूल निघालं, जाता जाता त्यानं सगळ्या कोरवर व्हीएमएक्सऑफ केलं. रिबूट न करता तशीच व्हीएम चालू करून बघा. चालू झाली तर निदान पक्कं.

मॉड्यूल निघायच्या ऐवजी "इन यूज" असं आलं तर खरोखर कुणीतरी केव्हीएमवर व्हीएम चालवायलंय. सुडो फ्यूझर -व्ही आणि पुढं स्लॅश डेव्ह स्लॅश केव्हीएम असं मारलं की नाव कळतं. नेहमीचे सापडणारे म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओचा इम्युलेटर, लिनक्सवरचं डॉकर डेस्कटॉप, व्हर्ट-मॅनेजरमधी ऑटोस्टार्ट लावलेली एखादी व्हीएम, आणि ग्नोम बॉक्सेस, ज्याची खिडकी बंद केली तरी आतली व्हीएम मागं चालू राहू शकते. ते आधी नीट बंद करा, किल मारू नका, आतल्या डिस्कचं नुकसान होतं.

आता हे वाचून बरेच जण मॉडप्रोब -आर मारतात, व्हीएम चालू होते, खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. तेच होणार, कारण बूट होताना युडेव्ह, म्हणजे हार्डवेअर ओळखणारा लिनक्सचा भाग, प्रोसेसरचे फीचर बघतं आणि व्हीएमएक्स किंवा एसव्हीएम दिसलं की केव्हीएमचं मॉड्यूल आपोआप लोड करतं. मॉडप्रोब -आर चा परिणाम रिबूटपर्यंतच. आपल्याकडं दिवसातून दोनदा लाईट जाते तिथं तर दिवसातून दोनदा रिबूट, म्हणजे दिवसातून दोनदा ही कमांड. पक्का इलाज करायचा असेल तर दोन रस्ते आहेत.

एक रस्ता ब्लॅकलिस्टचा. नेटवर जास्त करून हाच सांगितलेला सापडतो. ईटीसी मधल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमधी एक फाईल करायची, त्यात ब्लॅकलिस्ट केव्हीएम_इंटेल असं लिहायचं, मॉड्यूल बूटला येतच नाही. चालतं हे, पण मला स्वतःला हा रस्ता विद्यार्थ्यांसाठी आवडत नाही. आज व्हर्च्युअलबॉक्ससाठी ब्लॅकलिस्ट केलं आणि सहा महिन्यांनी ॲप डेव्हलपमेंटचा विषय आला, अँड्रॉइड स्टुडिओ टाकलं की इम्युलेटर म्हणतो स्लॅश डेव्ह स्लॅश केव्हीएम सापडतच नाही, तोवर ब्लॅकलिस्टची फाईल कुणाच्या लक्षात पण नसते. मग त्याचा शोध वेगळा सुरू होतो. ज्याला आयुष्यात फक्त व्हर्च्युअलबॉक्सच वापरायचंय त्यानं खुशाल ब्लॅकलिस्ट करावं.

दुसरा रस्ता म्हणजे तो स्विच. पॅरामीटरचं नाव आहे केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड, आणि त्याला ० द्यायचं. ० दिलं की केव्हीएम परत जुन्या पद्धतीनं वागतं, मॉड्यूल लोड होऊन तयार राहतं पण पहिली व्हीएम येईपर्यंत व्हीटीला हात लावत नाही. म्हणजे सकाळी व्हर्च्युअलबॉक्स, दुपारी अँड्रॉइड इम्युलेटर, दोन्ही चालतं, मधी काहीच बदलायची गरज नाही. मी सगळ्यांना हेच करायला सांगतो.

करायचं असं. ग्रब म्हणजे पीसी बूट होताना कर्नल उचलणारा प्रोग्राम, त्याची स्लॅश ईटीसी स्लॅश डीफॉल्ट स्लॅश ग्रब ही फाईल सुडो लावून उघडा. त्यात ग्रब_सीएमडीलाईन_लिनक्स_डीफॉल्ट अशी ओळ आहे, तिच्या अवतरणचिन्हांत बहुतेक वेळा क्वाएट स्प्लॅश लिहिलेलं असतं. त्याच्या पुढं एक स्पेस देऊन, अवतरणचिन्हाच्या आतच, केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=० टाका. शून्य इंग्रजी आकड्यातलं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूला स्पेस नको. सेव्ह करा, सुडो अपडेट-ग्रब मारा, रिबूट. फेडोरा असेल तर हेच काम ग्रबी कमांडनं होतं. एकाच पीसीसाठी मला ग्रबवाली पद्धत बरी वाटते, कारण केव्हीएम मॉड्यूल म्हणून असो नाहीतर कर्नलमधीच बसवलेलं असो, दोन्हीकडं लागू पडते. लॅबमधी मात्र प्रत्येक पीसीच्या ग्रबमधी हात घालण्यापेक्षा मॉडप्रोब डॉट डी मधी एक छोटी फाईल ठेवणं सोपं जातं, त्यात एकच ओळ, ऑप्शन्स केव्हीएम एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०, ती फाईल सगळीकडं कॉपी करायची आणि सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू मारायचं. तिथं पॅरामीटरच्या आधी केव्हीएम आणि टिंब येत नाही, नुसती स्पेस येते, हा फरक लक्षात ठेवा.

रिबूटनंतर लागलं का नाही ते बघितल्याशिवाय उठू नका. कॅट स्लॅश सिस स्लॅश मॉड्यूल स्लॅश केव्हीएम स्लॅश पॅरामीटर्स स्लॅश एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड असं मारा. एन आलं म्हणजे झालं. वाय आलं म्हणजे ओळ लागली नाही, बहुतेक वेळा अपडेट-ग्रब मारायचं राहिलेलं असतं नसता स्पेलिंग चुकलेलं असतं. स्पेलिंग चुकलं की कर्नल बूट थांबवत नाही, लॉगमधी "अननोन पॅरामीटर इग्नोर्ड" एवढंच लिहून पुढं जातो, ते सुडो डीमेसेज मधी सापडेल. आणि केव्हीएम लोड असून ती फाईलच नाही असं आलं तर तुमचा कर्नल ६.१२ च्या आधीचा आहे, मग हा सगळा प्रकार तुमचा नाही. जुन्या कर्नलवर रूट मोडची एरर आली तर समजायचं की केव्हीएमवर खरंच एखादी व्हीएम चालू आहे, वरची फ्यूझरची कमांड वापरा.

एक गोष्ट नीट समजून घ्या, ० केल्यानं दोन्ही एकाच वेळी चालायला लागत नाहीत. अँड्रॉइड इम्युलेटर चालू असताना व्हर्च्युअलबॉक्स उघडलं तर रूट मोडची एरर येणारच, आणि व्हर्च्युअलबॉक्सची व्हीएम चालू असताना केव्हीएमवर व्हीएम सुरू केली तर तिकडून "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" येणार. कर्नल स्वतः तो १३ नंबरचा बिट बघून मागं फिरतो, ते बरोबरच आहे. ज्याला रोज दोन्ही एकदम लागतात त्यानं व्हर्च्युअलबॉक्स सोडून केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजरवर जावं असं माझं स्पष्ट मत आहे. व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय डिस्क क्यूईएमयू-इमेज कमांडनं कन्व्हर्ट करून केव्हीएमला चालणाऱ्या क्यूकाऊ२ मधी आणता येते, आधी मूळ फाईलची कॉपी ठेवा. विंडोजची व्हीएम असेल तर डिस्कचा प्रकार आधी साटाच ठेवा, एकदम व्हर्टआयओ निवडलं तर आतल्या विंडोजला ड्रायव्हर नसतो आणि निळी स्क्रीन येते. उबंटूच्या व्हीएमला हा त्रास सहसा होत नाही.

आणि हो, या सगळ्याच्या आधी व्हर्च्युअलबॉक्स सगळ्यात नव्या व्हर्जनवर आणून बघा, नव्या कर्नलसोबतच्या दुरुस्त्या तिथं सतत येत असतात. उद्या प्रॅक्टिकल आहे आणि आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत अशी वेळ असली तर बूट होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेन्यू आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधी जुना कर्नल अजून असेल, तो निवडा, काम होऊन जाईल, बाकीचं परीक्षा झाल्यावर.

आता पहिली तक्रार, व्हीटी बंद असलेली. इथं लोकांची फसगत कशी होते ते सांगतो. एलएससीपीयू मारल्यावर व्हर्च्युअलायझेशन ही ओळच दिसत नाही, प्रॉक मधल्या सीपीयूइन्फोत व्हीएमएक्स सापडत नाही, मग निष्कर्ष निघतो की प्रोसेसरमधीच सोय नाही. असं लगेच म्हणू नका. कर्नल ५.६ पासून इंटेलवर बायोसनं व्हीटी बंद केलेलं असलं तर कर्नल ते फीचर यादीतूनच काढून टाकतो. सुडो डीमेसेज मधी व्हीएमएक्स शोधा, तिथं "डिसेबल्ड बाय बायोस" लिहिलेलं सापडलं म्हणजे प्रोसेसरमधी सोय आहे, फक्त बंद आहे. आय३, आय५ च्या कुठल्याच पिढीला व्हीटी-एक्स नाही असं झालेलं नाही, त्यामुळं दुकानदारानं तसं सांगून नवा पीसी गळ्यात मारायला बघितलं तर पैसे देऊ नका. पोरांच्या आईबापानं सोयाबीन विकून ते पैसे दिलेले असतात.

बायोसमधी हे नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, व्हीटी-एक्स, जुन्या बोर्डावर व्हँडरपूल, एएमडीवर एसव्हीएम मोड. कुठं ॲडव्हान्स्डमधी, कुठं सीपीयू कॉन्फिगरेशनमधी, काही लॅपटॉपवर सिक्युरिटीमधी. शेजारीच व्हीटी-डी नावाचं असतं, ते वेगळं, ते ग्राफिक्स कार्डासारखं डिव्हाइस व्हीएमला थेट द्यायला लागतं, आपल्या प्रॅक्टिकलला त्याची गरज नाही.

हे लिनक्समधून का चालू करता येत नाही असं खूप जण विचारतात. इंटेलमधी ०एक्स३ए नंबरचं एक एमएसआर रजिस्टर आहे, त्यात व्हीटीची परवानगी देणारा बिट असतो आणि सगळ्यात खालचा बिट कुलपाचा. बायोसनं परवानगी न देता कुलूप लावलं की पुढच्या रीसेटपर्यंत कर्नलला सुद्धा ते बदलता येत नाही. बायोसनं कुलूप लावलंच नसेल तर मात्र कर्नल स्वतः परवानगी चालू करून कुलूप लावून टाकतो. काही मशीनवर बायोसमधी एनेबल करून सेव्ह केलं तरी नुसत्या रिस्टार्टनं लागत नाही, पूर्ण शटडाऊन करून, वायर काढून, थोडं थांबून परत चालू करावं लागतं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पूर्ण बंद.

आपल्याकडं ही तक्रार परत परत येते त्याचं एक मोठं कारण बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी आहे, सीआर२०३२, तीन व्होल्टची. बायोसचं घड्याळ आणि बऱ्याच बोर्डांवर सेटिंग पण तिच्यावर टिकतात. पीसीला मेनचा करंट असेल तोवर एसएमपीएसच्या स्टँडबाय लाईनवर घड्याळ चालतं, बॅटरी खर्च होत नाही. पण इकडं संध्याकाळी लॅब बंद करताना मेन एमसीबीच पाडतात, वरून लाईट जाते ती वेगळीच, मग सगळा भार त्या बॅटरीवर. एप्रिल-मेमधी ४२-४३ डिग्रीत बंद खोलीत ती अजून लवकर दम तोडते. बॅटरी गेली की बायोस फॅक्टरी सेटिंगवर येतो, आणि ज्या बोर्डाच्या फॅक्टरी सेटिंगमधी व्हीटी बंद आहे तिथं आज चालू केलेलं व्हीटी उद्या सकाळी परत बंद. पोरं म्हणतात पीसीला कुणीतरी हात लावायलंय. कुणी हात लावत नाही. ओळखायची खूण म्हणजे तारीख. नेट जोडलं की उबंटू घड्याळ लगेच दुरुस्त करतो म्हणून स्क्रीनवरची तारीख बघून कळत नाही, बायोसमधी जाऊन बघा नसता डीमेसेज मधी आरटीसी शोधा, सेटिंग सिस्टिम क्लॉक अशी ओळ असते, तिथं कितीतरी वर्षं मागची तारीख दिसली की बॅटरी संपलेली आहे. स्वस्तातली वस्तू आहे, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. टाकताना पीसीची वायर काढा, प्लसची बाजू वर ठेवा, मग बायोसमधी जाऊन व्हीटी परत चालू करा, कारण नवी बॅटरी जुनी सेटिंग परत आणत नाही.

काही एरर दिसायला अशाच पण यात बसत नाहीत. कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड आणि पुढं उणे १९०८ आलं तर व्हीटीचा संबंधच नाही, नव्या कर्नलसाठी व्हर्च्युअलबॉक्सचं स्वतःचं मॉड्यूल तयार झालेलं नाही. कर्नलच्या हेडर्स टाकून सुडो व्हीबॉक्सकॉन्फिग मारा, सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलला सही लागते. इम्युलेटर परमिशन डिनाइड म्हणत असेल तर तुमचा युजर केव्हीएम ग्रुपमधी नाही, सुडो युजरमॉड -एजी केव्हीएम आणि पुढं आपलं युजरनेम, मग लॉगआउट करून परत लॉगिन. ड्युअल बूटवाले विचारतात की विंडोजमधलं हायपर-व्ही बंद करावं लागेल का, लिनक्ससाठी अजिबात नाही, रिस्टार्ट झाल्यावर विंडोजचं काही शिल्लक राहत नाही. विंडोजमधीच व्हर्च्युअलबॉक्स चालवत असाल आणि खाली कोपऱ्यात कासव दिसत असेल तर तिथं हायपर-व्ही खाली बसलेलं आहे, तेव्हा कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी आणि हायपर-व्हीचे फीचर बघावे लागतात.

लॅब सांभाळणाऱ्यांना एक विनंती. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात कर्नल बदलू देऊ नका. सुडो एपीटी-मार्क होल्ड लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४ मारलं की नवा कर्नल येत नाही, बाकीचे अपडेट येत राहतात. परीक्षा संपली की त्याच दिवशी अनहोल्ड करा, कर्नलचे सिक्युरिटी अपडेट पण त्याच पॅकेजमधून येतात. नंतर नवा कर्नल आल्यावर आधी एकाच पीसीवर रिबूट करून ती एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड ची फाईल एन दाखवायली का ते बघा, त्यावर एक व्हीएम पूर्ण बूट होऊ द्या, मगच बाकीच्या पीसीवर सोडा.